थायरोजेन: गोळी बंद न करता रेडिओआयोडीन

कॅन्सरमुळे थायरॉइड पूर्ण काढल्यावर रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) द्यायचं असेल, तर आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक, ३० च्या वर न्यावा लागतो. उरलेल्या पेशी तेव्हाच आयोडीन नीट ओढून घेतात. त्यासाठी पूर्वी थायरॉक्सिनची (काढलेल्या थायरॉइडचं संप्रेरक भरून काढणारी) गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवायचे. अंगावर सूज, मंद नाडी, बद्धकोष्ठता, उदासी हे सगळं ओघानंच आलं. थायरोजेनची, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेल्या टीएसएचची, दोन इंजेक्शनं तेच काम करतात आणि गोळी चालू राहते.

औषध फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर. कुपीतली पावडर १.२ मिली निर्जंतुक पाण्यात हलकेच फिरवून विरघळवायची, जोरात हलवायची नाही. त्यातलं १ मिली, म्हणजे ०.९ मिलिग्रॅम, कुल्ल्याच्या स्नायूत. दुसरं इंजेक्शन २४ तासांनी, आयोडीन त्यानंतर २४ तासांनी, थायरोग्लोब्युलिनचं (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन; त्यावरून पेशी उरल्यात का ते कळतं) रक्त दुसऱ्या इंजेक्शननंतर ७२ तासांनी. म्हणून सोमवारीच सुरुवात करावी: बुधवारी आयोडीन, शुक्रवारी रक्त. गुरुवारी सुरू केलं तर आयोडीन शनिवारवर जातं, आणि विभाग बंद असला तर महागडी इंजेक्शनं वाया. त्याच रक्तात अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडीही तपासून घ्या. त्या असतील तर थायरोग्लोब्युलिन खोटंच कमी दिसतं.

बहुतेकांना सोसतं, मळमळ आणि डोकेदुखी या नेहमीच्या तक्रारी. मेंदूत किंवा मणक्यात गाठ पसरलेली असेल तर मात्र ती सुजू शकते, आधी स्टेरॉइडचा विचार हवाच.

इंजेक्शनमुळे पथ्य सुटत नाही, इथेच जास्त चुका होतात. टीएसएच वाढला तरी शरीरात आधीचं आयोडीन भरलेलं असेल तर रेडिओआयोडीनला जागाच उरत नाही. एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, सुरमई-बोंबील, दूध-दही, अंड्याचा बलक बंद. घरचं मीठ बदलतात, पण लोणचं, पापड, फरसाण विसरतात. नुकताच कॉन्ट्रास्टचा (आयोडीन असलेलं द्रव्य टोचून केलेला) सीटी झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

पैसे कोणी मोजावेत? हृदयविकार असलेले, वयस्कर, नैराश्याचा त्रास असलेले, आणि पिट्युटरीच्या दोषामुळे गोळी बंद करूनही ज्यांचा टीएसएच चढत नाही, अशांसाठी याला तोड नाही. २०१२ च्या हायलो आणि एस्टिमेबल या दोन चाचण्यांत कमी धोक्याच्या रुग्णांना या इंजेक्शनासह रेडिओआयोडीनचे ३० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) पुरले, १०० ची गरज पडली नाही. थायरॉइड कॅन्सरच्या मेड्युलरी प्रकारात मात्र हे घेऊच नये; त्या पेशी आयोडीन ओढतच नाहीत, तिथे त्या कॅन्सरशी जोडलेल्या आरईटी जनुकाची तपासणी हवी. आणि २ सेंटिमीटरपर्यंतची, लिम्फ नोडमध्ये न पसरलेली पॅपिलरी (थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) गाठ असेल तर मुळात आयोडीन कशाला, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. २०२२ च्या एस्टिमेबल-२ मध्ये असे रुग्ण तीन वर्षांनंतर आयोडीनशिवायही तितकेच चांगले होते.