एक लिटरचा स्टीलचा थर्मास: इंदूरचा एक हिवाळा काढल्यानंतर

दिवाळीच्या खरेदीत घेतलेला थर्मास फेब्रुवारीअखेरपर्यंत वापरला, म्हणून आता लिहितेय. घेतल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, डिसेंबरात लिहिलं असतं तर दोन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या निम्म्या तक्रारी या जातीच्या सगळ्याच थर्मासांना लागू होतील.

वस्तू अशी: एक लिटर, आतून-बाहेरून स्टील, वर कपासारखं झाकण आणि त्याखाली बटण दाबून ओतायचं बूच. किंमत अकराशेच्या आत. खोक्यावर ‘24 तास गरम’ असं ठळक छापलेलं. घेण्याचं कारण एकच. यंदा थंडीत आम्ही दर रविवारी कुठेतरी जायचं ठरवलं होतं आणि सासूबाईंना दर दोन तासांनी काहीतरी गरम घशाखाली गेल्याशिवाय चालत नाही. नवऱ्याने घेतल्या दिवशीच सांगितलं, “इंदूरात थर्मास घेऊन फिरणारी तूच पहिली. इथे रात्री दोनला पण चहा मिळतो.”

शहरापुरतं त्याचं खरं निघालं. नोव्हेंबरात तीनदा थर्मास सराफ्यात नेला आणि तिन्ही वेळा भरलेलाच परत आणला. सराफा माहीत नाही असा इंदूरकर नाही, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री शटर पडलं की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या. थंडीत तिथे जायचं ते गराडूसाठी. हा एक कंद आहे, सुरणाचा चुलतभाऊ म्हणा. आधी तळून ठेवलेले तुकडे गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत पडतात, कडा तांबूस होईपर्यंत. मग वरून जिरावण मसाला आणि लिंबू. पहिला तुकडा टाळूला चटका देतो आणि आतून लोण्यासारखा निघतो. त्यावर कढईतलं आटीव केशरी दूध पुढ्यात आलं की पिशवीतला थर्मास काढायची लाजच वाटते. आई, म्हणजे सासूबाई, तर दूध पिऊन वर शिकंजीकडे बघत होत्या. (इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, दाट दुधाचं थंडगार प्रकरण. डिसेंबरातल्या रात्री ती पिणाऱ्यांना मी लांबून नमस्कार करते.)

छप्पन दुकान ही खाऊगल्ली, राजवाड्यापुढची संध्याकाळ, मराठी नाटकाचा मध्यंतर, सगळीकडे तेच. नाटकाच्या वेळी मी हट्टाने गाडीत बसून घरचा चहा प्यायले, तोवर बाकीची मंडळी बाहेर गरम पोहे खाऊन आली. तेव्हा तुमचं फिरणं रिंग रोडच्या आतलं असेल तर ही खरेदी करू नका. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

खरी परीक्षा डोंगरावर झाली. इंदूरला आपण थंड हवेचं शहर म्हणवून घेतो, पण हे सगळं माळव्याचं पठार. डोंगरावर वसलेलं शहर पाहायचं तर मांडू. इथून शंभरेक किलोमीटर, 633 मीटर उंचीवर, विंध्याच्या अगदी कडेला. माळव्याच्या सुलतानांची राजधानी होती ती. आता वस्ती गावाएवढी आणि महाल राजधानीएवढे. पावसाळ्यात तिथे ढगांत फिरता येतं म्हणून गर्दी लोटते. माझ्या मते मांडू बघायचं ते डिसेंबर-जानेवारीत, सकाळी आठच्या आत. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंच्या तलावांवर तेव्हा वाफ तरंगत असते, आणि हिंदोळा महालाच्या त्या तिरप्या, बुटक्या टेकूंसारख्या जाड भिंतींना हात लावला तर बोटं बधिर होतात.

पहिल्या खेपेला पहाटे साडेचारला उठून आलं घालून फक्कड चहा केला, गाळून थर्मासात भरला आणि पाचला राजेंद्र नगरातून निघालो. साडेनऊला रूपमती मंडपाच्या गच्चीवर थर्मास उघडला. ही जागा थेट कड्यावर आहे, समोर एकदम निमाडचा सखल मुलूख आणि हवा स्वच्छ असेल तर दूर नर्मदेची चंदेरी रेघ. माळव्याचा सुलतान बाज बहादूर याचं राज्य 1561 मध्ये अकबराच्या फौजेने घेतलं, ती सगळी कथा गाइड पलीकडे रंगवून सांगत होता. वारा असा की शाल धरायला एक हात अडकलेला. अशा ठिकाणी चहा म्हणजे काय सुख! पेल्यात ओतला तर वाफा निघत होत्या, रंग मात्र विटकरी, आणि चव हॉटेलात सकाळपासून उकळत ठेवलेल्या पातेल्याची. आईंनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “गरम आहे हो.” सासूबाईंनी चहाबद्दल फक्त एवढंच म्हणणं याचा अर्थ कुठल्याही सुनेला कळतो.

चूक थर्मासाची नव्हती, माझी होती. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, उष्णतेला बाहेर जायला फारशी वाटच उरत नाही, म्हणून आतलं तापलेलं तापलेलंच राहतं. 1892 मध्ये जेम्स ड्यूअरने ही युक्ती काढली तीही चहासाठी नव्हे, प्रयोगशाळेत अतिथंड द्रव थंड ठेवायला. दूध घातलेला चहा चार-पाच तास असा तापत राहिला की दूध शिजत राहतं आणि चव मरते. आणि पुढे तो कोमट झाला की आणखी वाईट, कारण कोमट दुधात जंतू वाढायला वेळ लागत नाही. दुधाचा चहा दोन तासांच्या आत संपवायचा, नाहीतर भरायचाच नाही. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे माहितीपत्रकात असेलही, पण ते आपण वाचतो कुठे?

त्यानंतर मी फक्त उकळतं पाणी नेऊ लागले. सोबत टी-बॅगा, दुधाची पावडर, साखरेची डबी आणि आईंसाठी सुंठ-गूळ. इथून थर्मासाने मान वर काढली. भरायच्या आधी पाच मिनिटं त्यात उकळतं पाणी घालून ठेवायचं, ते ओतून मग पुन्हा भरायचं, आणि गळ्यापर्यंत भरायचं. अर्धा भरला तर तो फार लवकर निवतो. असं केल्यावर सकाळी सहाचं पाणी संध्याकाळी सहाला चहापुरतं गरम मिळालं, डोळे मिटून. चोवीस तासांचा दावा मात्र कोमट पाण्याला गरम म्हणायची तयारी असेल तरच खरा.

जानेवारीत मांडूची दुसरी खेप केली तेव्हा आईंना रूपमतीचा चढ नको होता. त्या खाली गोरखचिंचेच्या झाडापाशी सतरंजी टाकून बसल्या. मांडूत ही झाडं जागोजागी आहेत, मूळ आफ्रिकेतली, खोड असं फुगलेलं की चार जणांनी कवेत घ्यावं. तिथले लोक त्याला मांडूची इमली म्हणतात आणि लौकीएवढी मखमली फळं रस्त्याच्या कडेला विकतात. आतला गर पांढरा, खडूसारखा कोरडा आणि आंबट. आईंनी तो गर पेल्यात टाकून वर थर्मासातलं गरम पाणी आणि गूळ घातला, बोटाने ढवळला आणि आम्ही परतेपर्यंत शेजारच्या तीन बायकांना पाजून मोकळ्या झाल्या. मीही चाखलं. पन्ह्याच्या अलीकडचं काहीतरी. उत्तम.

मधल्या एका रविवारी मी त्यात टोमॅटोचं सार भरण्याचा अविचार केला. सार चार तासांनीही कढत राहिलं, तक्रार नाही. पण हिंग-जिऱ्याच्या फोडणीचा वास बुचाच्या रबरी रिंगेत जो बसला, तो पुढचे तीन रविवार प्रत्येक चहात आला. बूच खोलायला गेले तर बटणाच्या आत स्प्रिंग, स्प्रिंगेखाली आणखी एक बारकी रिंग, आणि तिच्या कडेला काळपट रेघ. हे बूच धुण्यासाठी केलेलंच नाही. शेवटी केसांच्या पिनेच्या गोल टोकाने रिंग उचकटली, खाण्याचा सोडा आणि गरम पाण्यात रात्रभर ठेवली, तेव्हा कुठे वास गेला. आतल्या भांड्यालाही सोडाच, तारेची घासणी नको. पुढे चोरलजवळ एका शेतावर दाल-बाफल्यांचा (बाफले म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे) बेत झाला, तेव्हा दिरांनी सुचवलं की गोवऱ्यांवरून बाफले निघेपर्यंत तूप गोठतंय, ते थर्मासात ठेवू या. मी थर्मास गाडीत नेऊन कुलूप लावलं.

दुसरी आणि मोठी तक्रार बटणाची. जानापावच्या घाटात हे घडलं. महूच्या पुढे, साडेआठशे मीटरच्या आसपासची टेकडी, चंबळ तिथे उगम पावते आणि परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक जातात. वळणावर पिशवी आडवी झाली, कशाचा तरी दाब बटणावर पडला आणि आईंची लोकरीची शाल अर्धी भिजली. पाणी उकळतं होतं. शाल होती म्हणून निभावलं, मांडीवर पिशवी असती तर काय झालं असतं ते लिहवत नाही. बटणाला लॉक नाही. दुकानात नेऊन दाखवलं तर हमी फक्त आतल्या पोकळीची आहे, बुचाची नाही असं उत्तर मिळालं. मग सुटं बूच द्या म्हटलं, तर तेही येत नाही. म्हणजे पाच वर्षं टिकणारं भांडं आणि पाच महिन्यांत दगा देणारं झाकण! घेणार असाल तर फिरकीचं बूच असलेलाच घ्या. ओतायला दोन फिरक्या जास्त पडतात, पडू देत.

पातालपाणी ते कालाकुंड या मीटरगेजवरच्या हेरिटेज गाडीचंही सांगायला हवं. ती 25 डिसेंबर 2018 ला सुरू झाली. जाण्याआधी गाडी चालू आहे ना ते तपासा, तिचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. थंडीत पातालपाणीच्या धबधब्याची बारीक धार झालेली असते, त्यासाठी जाऊ नका. बोगदे आणि दरीसाठी जा. हा मार्ग मुळात होळकरांच्या पैशाचा: दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. राजाने सरकारला व्याजाने पैसे द्यायचे, हे आमच्या घरात अजून अभिमानाने सांगितलं जातं, जणू त्यातला हप्ता आमच्याकडे येतो. गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईंनी बाळाच्या दुधासाठी गरम पाणी आहे का विचारलं. होतं, इतकं गरम की दोन पेल्यांत खालीवर करून निववावं लागलं. त्या बदल्यात कालाकुंडला त्यांनी पानाच्या द्रोणातलं कलाकंद आमच्या हातावर ठेवलं. थर्मासाने केलेली ही सगळ्यात फायदेशीर उलाढाल.

वजनाचं राहिलं. भरलेला एक लिटरचा थर्मास दीड किलोच्या घरात जातो आणि तो कोण उचलणार यावर दर रविवारी पहिलं भांडण. चौघांना पाऊण लिटरचा पुरतो. एक पोचा आला आहे बुडाशी, पण बाहेरून हात लावला तर गार लागतो, म्हणजे पोकळी शाबूत आहे. उकळतं पाणी भरल्यावर ज्याचं अंग बाहेरून तापतं तो थर्मास गेला असं समजावं.

साडेतीन तारे देतेय, दीड तारा त्या बुचाने खाल्ला. सध्या तो आईंच्या उशाशी असतो, रात्री खोकला आला की त्या स्वतःच पाणी ओतून घेतात, मला हाक मारत नाहीत. मागच्या रविवारी महेश्वरला निघताना मी तो उचलायला गेले तर म्हणाल्या, “तिकडे मिळेल की गं चहा.”