बडोद्यात "६८ टक्के चान्स" विकत घेतला, ३,९४,२९९ रुपये गेले

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. नातेवाइकांना अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पण परवा दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका ताईंचा फोन आला, की तुमचा मुलगा अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कुठल्या काउन्सेलरकडे जायचा हो, आमच्या मुलीला हार्वर्डचा चांगला चान्स दाखवतायत. तेव्हा ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

आमचा मुलगा बारावी सीबीएसई, एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची परीक्षा) १६०० पैकी १४९०, रोबोटिक्सचं वेड. अलकापुरीत एका काउन्सेलरचं ऑफिस होतं, एसी, काचेची केबिन, भिंतीवर सयाजीराव महाराजांचा मोठा फोटो. म्हणाला, "काका, १९१३ साली महाराजांनी स्कॉलरशिप देऊन बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं. कोलंबिया म्हणजे आयव्ही लीगच ना? बडोद्याला हे नवीन आहे का?" आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेतली आठ नामांकित विद्यापीठं. बडोद्यातल्या मराठी माणसासमोर महाराजांचं नाव घेतलं की तो विरघळतो हे त्याला पक्कं माहीत होतं. महाराजांचं नाव असं वापरलं याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

आधी "प्रोफाइल इव्हॅल्युएशन" ४,९९९ रुपये. बावीस पानी रंगीत रिपोर्ट आला. हार्वर्ड ३१ टक्के, प्रिन्स्टन ३४, एमआयटी २९. मग त्याने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला, "प्लॅटिनम" पॅकेजवर क्लिक केलं, १,८५,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २,१८,३००, आणि आमच्या डोळ्यांसमोर हार्वर्डचे ३१ चे ६८ झाले.

तिथेच उठायला हवं होतं. रोज रात्री मला तो स्क्रीन दिसतो. त्या दोन मिनिटांत मुलाने काय केलं होतं? मार्क तेच, एसएटी तोच, निबंधाची एक ओळ लिहिलेली नाही. वाढली होती फक्त माझी फी. मुलगा हळूच म्हणाला पण, "बाबा, हार्वर्ड शंभरातले चारसुद्धा घेत नाही." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, परक्या माणसासमोर असं बोलू नये म्हणून. बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, वेंडरचा जीएसटी नंबर तपासल्याशिवाय मी कंपनीचं बिल पास करत नाही, आणि याचा नंबर मी बघितलाच नाही. नंतर पोर्टलवर टाकला तर रजिस्ट्रेशन कॅन्सल झालेलं. पण तुम्हीच सांगा, पोराच्या भविष्याचा विषय निघाल्यावर कोणता बाप जीएसटी नंबर विचारतो? आता म्हणतो, विचारा. पहिल्या दिवशी विचारा.

नंतर मी स्वतः वाचत बसलो. हार्वर्डला २०२४ मध्ये ५४,००८ अर्ज आले, घेतले १,९३७. मुलगा बरोबर होता. अर्ज करणाऱ्यांत आमच्यासारख्या मार्कांची मुलं ढिगाने असतात, मग निबंध, शिक्षकांची पत्रं, मुलाने शाळेबाहेर काय केलं हे सगळं बघतात, आणि त्या वर्षी समोर कोण कोण आहे हे बाहेरच्या कोणालाच माहीत नसतं. एका मुलाचा टक्का कोण काढणार? आणि मुख्य गोष्ट, फी भरायला मोठी मदत लागणार असेल तर बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलाचा चान्स त्यामुळेच कमी होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच कॉलेजं प्रवेश देताना पैशांचा मुद्दा मध्ये आणत नाहीत. त्या माणसाने आमचं उत्पन्नच विचारलं नव्हतं! ज्या रिपोर्टमध्ये पैशांचा प्रश्न नाही तो रिपोर्ट खोटा, एवढं लक्षात ठेवा.

पुढे "रिसर्च पेपर"चे ७५,००० गेले. बारा कॉलेजांची अर्ज फी म्हणून ९६,००० घेतले, म्हणजे कॉलेजमागे ८,०००. बायकोच्या पाटल्यांवर दीड लाखाचं गोल्ड लोन काढलं, त्याचं व्याज अजून भरतोय. कॉमन ॲप म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट, तिचं अकाउंट त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. असं कधीच करू देऊ नका, अकाउंट आणि पासवर्ड मुलाकडेच पाहिजे. फेब्रुवारीत भांडून पासवर्ड मिळवला तर बारापैकी चारच अर्ज गेलेले. बाकीचे अर्धवट, तारीख उलटून गेलेली. आणि "एमआयटी पण कॉमन ॲपवरच भरलंय" असं तो आम्हाला छातीठोक सांगत होता, एमआयटी तर कॉमन ॲपवर नाहीच, त्यांचं वेगळं पोर्टल आहे. मार्चच्या शेवटी चारही ठिकाणांहून नकार आला. ऑफिसला कुलूप. ॲग्रीमेंटच्या पहिल्या पानावर "मनी बॅक", सहाव्या पानावर "निकालाची जबाबदारी संस्थेची नाही". मी सहावं पान वाचलं नव्हतं, त्याने पानं उलटत भराभर सह्या घेतल्या.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "काका, पैसा तो तमे जातेज आप्या ने?" हो, दिले मीच. विश्वासाने दिले म्हणूनच तर फसवणूक म्हणतात ना? ॲग्रीमेंट आहे म्हणजे सिव्हिल मॅटर, वकील करा. अरजी ठेवून घेतली, तीन आठवड्यांनी विचारलं तर सापडेना, परत लिहून दिली. सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले तुम्ही समोर बसून पैसे दिलेत, हे आमच्यात येत नाही. शिक्षणाच्या सरकारी ऑफिसात उत्तर मिळालं की प्रायव्हेट काउन्सेलर आमच्या हाताखाली नाहीत. मग कोणाच्या हाताखाली आहेत? सहा अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या, स्कूटरचं पेट्रोल गेलं, प्रत्येक टेबलावर तीच फाइल उघडून परत पहिल्यापासून सांगायचं, आणि समोरचा माणूस माझ्याकडे असा बघणार की एवढा शिकलेला असून कसा फसला. चोराला कोणी प्रश्न विचारत नाही, मला विचारतात.

अमेरिकेत शिकण्याची माहिती देणाऱ्या एज्युकेशनयूएसए या अमेरिकन सरकारच्या सेवेचं सेंटर अहमदाबादला आहे, बडोद्याहून दोन तास, आणि माहिती फुकट मिळते. हे मला पैसे गेल्यावर कळलं. "गॅरंटी" शब्द ऐकला की उठा. भिंतीवरचे मुलांचे फोटो बघून भुलू नका, पन्नास जणांकडून फी घेतली तर एखादा स्वतःच्या हिमतीवर लागतोच.

त्या ताईंनी काल रिपोर्टचा फोटो पाठवला. ऑफिसचं नाव नवीन, फॉरमॅट तोच, हार्वर्डसमोर तोच आकडा, ६८. आम्ही आता तीन पालक झालोत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकिलाशिवायही तक्रार देता येते, आणि आयोगाच्या परवानगीने एकत्रही देता येते. या माणसाच्या पावत्या, रिपोर्ट, व्हॉट्सॲप मेसेज कोणाकडे असतील तर डिलीट करू नका, लाज वाटत असली तरी. मला पण वाटते.