'डिअर मिसेस बर्ड' : नऊ महिन्यांनंतर, दुसऱ्यांदा वाचताना

या पुस्तकाला मी गेल्या वर्षी दहाव्या दिवशीच अडीच तारे देऊन मोकळी झाले होते. ते आज मागे घेतेय. पण आधी तक्रार, कारण लिहायला बसले ती तिच्यामुळेच. परवा रात्री वाचता वाचता पुस्तक मधोमध उकललं आणि बारा पानांचा गठ्ठा हातात आला. जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून 'नव्यासारखी प्रत' म्हणून २९० रुपयांना घेतलेलं पुस्तक. आत बघितलं तर पुठ्ठ्याच्या आतून डिंकाचा जुना थर. म्हणजे आधी एकदा सुटलेलं, चिकटवून विकलेलं. दुकान म्हणतं, परत करायची मुदत सात दिवस. अहो, चिकटवलेलं पुस्तक सात दिवसांत सुटत नाही, म्हणून तर चिकटवतात! तीन मेल आणि दोन फोन झाल्यावर ५० रुपयांचं कूपन मिळालं, तेही पुढच्या खरेदीवर. जुनी प्रत घेणाऱ्यांनी पार्सल उघडल्याबरोबर मधलं पान काढून शिवणीच्या जागी बोट फिरवून बघा. खडबडीत लागलं तर त्याच दिवशी परत करा.

आता पुस्तकाबद्दल. ए. जे. पियर्स यांची ही २०१८ची कादंबरी बऱ्याच जणांनी वाचली असेल, म्हणून गोष्ट थोडक्यातच सांगते. १९४०च्या अखेरीचं लंडन, रोज रात्री बॉम्ब. एमी लेकला युद्धवार्ताहर व्हायचंय. वर्तमानपत्रात नोकरी मिळाली असं समजून ती जाते आणि पोचते एका मरगळलेल्या बायकांच्या मासिकात, सल्ल्याचं सदर चालवणाऱ्या मिसेस बर्डच्या हाताखाली, पत्रं टाइप करायला.

माझा पहिला राग इथलाच. मी 'पत्रकार बाई आणि बॉम्बवर्षाव' एवढं वाचून पुस्तक घेतलं. क्लेअर हॉलिंगवर्थचं नाव डोक्यात होतं. १९३९च्या ऑगस्टमध्ये, नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पोलंडच्या सीमेवर जमवलेले जर्मन रणगाडे तिने पाहिले आणि लढाई पेटण्याआधी बातमी दिली. तेव्हा ती २७ वर्षांची होती. मला असं काहीतरी हवं होतं आणि हातात आली कात्री. मिसेस बर्डची नियमावली अशी, की नवऱ्याचं बाहेर काही असेल, लग्नाआधी काही घडलं असेल, अंथरुणाबद्दल काही विचारलं असेल, तर त्या पत्राला उत्तर नाही. ते कापायचं आणि टोपलीत टाकायचं. वर आकाशातून बॉम्ब पडताहेत आणि ही मुलगी बायकांची पत्रं कातरतेय, हे मला तेव्हा फारच किरकोळ वाटलं.

दुसरा राग मोठ्या अक्षरांचा. एमीला एखादा शब्द महत्त्वाचा वाटला की वाक्याच्या मधोमध तो मोठ्या अक्षराने सुरू होतो. पानापानावर. डोळ्यांना टोचायचं. मी तेव्हा लिहिलेल्या अभिप्रायात अर्ध्याहून जास्त ओळी ह्याच एका गोष्टीवर होत्या आणि आजही मी त्याबद्दलच सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण माझं मत फिरलं ते तिथेच.

झालं असं, की जानेवारीत आत्या आमच्याकडे राहायला आली. तिचं वय ८८. डोळ्यांनी बारीक अक्षर आता दिसत नाही. रात्री काहीतरी वाचून दाखव म्हणाली. घरात मराठीतलं जे होतं ते तिचं सगळं वाचून झालेलं, म्हणून मी हे काढलं आणि समोर इंग्रजी धरून तोंडाने मराठी सांगायला लागले. पहिल्याच पानावर अडले. देवनागरीत मोठं अक्षर नाहीच, मग ते बोलायचं कसं? आवाज चढवला तर एमी भांडखोर वाटायची. 'अगदी', 'फारच' असे शब्द जोडले तर लाडिक वाटायची. सोडून दिलं तर तिच्यातला जीवच जायचा, कुठलीही साधी टायपिस्ट उरायची. आत्याने दोन दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, आमच्या बाई शुद्धलेखन घालताना जोडाक्षर आलं की टेबलावर पट्टी वाजवायच्या. तू तसं कर." मग मी खुर्चीच्या हातावर बोट वाजवायला लागले. शब्द येण्याआधी एक टक. बस. आवाज तोच, वेग तोच.

आणि त्या टकटकीतून मला एमी कळली. बावीस-तेविशीची मुलगी, दिवसभर ऑफिस, रात्री फायर स्टेशनवर फोनची पाळी. बॉम्ब कुठे पडला, आग कुठे लागली ते लिहून घ्यायचं आणि आपल्या ओळखीची पोरं तिकडे पाठवायची. ती स्वतःलाच एकेक शब्द ठासून सांगत असते, म्हणजे हात थरथरणार नाही. मी ज्याला थिल्लरपणा म्हटलं होतं तो तिचा धीर होता. अडीच तारे देताना मला हे दिसलं नाही.

फायर स्टेशनचा भाग सुरू झाला तेव्हा आत्या उठून बसली. १४ एप्रिल १९४४ला ती सात वर्षांची होती, मांडवीला चाळीत राहायची. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा घरातल्या तावदानांच्या काचा आत आल्या, आणि सगळे जपानने बॉम्ब टाकला म्हणून जिन्याकडे धावले. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. ती म्हणाली, "कामावर गेलेला माणूस परत आला का, हे विचारायला आई दर थोड्या वेळाने गॅलरीत जायची. विचारायला खाली कोणीच नसायचं."

आता कॅफे द पॅरीचं प्रकरण. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी कोण जातं ते सांगत नाही. पण घटना खरी आहे. ८ मार्च १९४१ची रात्र. कॉव्हेंट्री स्ट्रीटवरचं हे नाचगाण्याचं रेस्टॉरंट जमिनीखाली होतं आणि शहरातलं सगळ्यात सुरक्षित म्हणून त्याची जाहिरात व्हायची. बॉम्ब हवेच्या झरोक्यातून थेट आत आले. निदान ३४ माणसं मेली, त्यात मंचावर बँड वाजवणारा केन 'स्नेकहिप्स' जॉन्सनही होता, जेमतेम २६ वर्षांचा. एमीच्या जिवाभावाच्या माणसांनी ती संध्याकाळ तिथेच ठरवलेली असते. माझी सुटलेली बारा पानं नेमकी ह्याच भागातली. मांडीवर ती एकेक करून लावत वाचत होते. एका जागी मी बोट वाजवायचं विसरले, घसा दाटला होता. तर अंधारात पलंगाच्या कठड्यावर टक असा आवाज आला. आत्याने वाजवलं होतं.

कात्री आणि पत्रांबद्दलही माझं मत बदललं. नवरा आघाडीवर, घर पडलेलं, दुसऱ्या कुणावर जीव जडलेला, आईशी बोलता येत नाही. अशा बाईने अनोळखी मासिकाला पत्र लिहायचं आणि तिथे ते कातरून टाकायचं. आपल्याकडे किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३०पासून निघत होतं. आत्याच्या सासरी त्याचे अंक बांधून ठेवलेले होते आणि बायका ते दुपारी दार लावून वाचायच्या. अशा मासिकाला लिहिलेलं पत्र म्हणजे काय असतं, हे मला तिच्याकडून समजलं. एमी चोरून उत्तरं पाठवते ते चूकच आहे, त्याची तिला किंमतही मोजावी लागते, पण मी तिच्या जागी असते तर मीही पाठवली असती.

खटकतं ते एवढंच, की शेवटचं ऑफिसातलं प्रकरण फार लवकर मिटतं. इतकं दुःख दाखवल्यावर तिथे आणखी वीस पानं चालली असती. मिसेस बर्डही फार एकरंगी आहे. तिच्या कडकपणाच्या मागे काय आहे, हे मला हवं होतं. म्हणून पाच नाही, चार तारे.

नवी प्रत घ्यायची असेल तर दामदुप्पट पडेल, पण घ्या. माझी प्रत स्टेशनजवळच्या बाइंडरकडे दिली आहे. दोऱ्याने शिवून, कापडी पाठ लावून ७० रुपये, म्हणजे कूपनापेक्षा वीस जास्त. दुसरा भाग 'युवर्स चिअरफुली' वाचनालयात मागणी-वहीत लिहून आले. त्यात सरकार मासिकांना सांगतं, बायकांना कारखान्यात कामाला यायला उद्युक्त करा. आत्या विचारत होती, त्यांच्या मुलांना मग कोण सांभाळत होतं?