फोनवर मेसेज की भिंतीवर हूटर?

विजेच्या पॅनेलवर किती लोड पडतोय त्यावर लक्ष ठेवायला नुसता टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं मीटर, पुरत नाही. जबडा वायरीला लावला तेवढ्यापुरतंच त्याचं रीडिंग, आणि रात्री दोनला तिथं कोणी उभं नसतं. मग उरतात दोन पर्याय: वायफायवरून फोनला मेसेज धाडणारं मीटर, नाहीतर पॅनेलवरचं साधं मीटर, ज्याच्या रिलेला, म्हणजे ठरवलेल्या करंटला आपोआप चालू होणाऱ्या स्विचला, हूटर जोडता येतो. आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात मी दोन्ही लावून पाहिली.

वायफायवाल्याला मी नावं ठेवणार नाही. थ्री फेजच्या तीन लाईनींपैकी आर फेजवर निम्म्याहून जास्त कूलर आणि वाय फेज जवळपास रिकामी, हे त्याच्या ग्राफमुळंच कळलं. तीन कूलर हलवले, न्यूट्रलचा ताप कमी झाला. एवढा हिशोब हूटर देत नाही.

पण मे महिन्यातली ती रात्र. लाईन गेली, पाऊण तासानं आली, आणि कूलर, लेबर रूमचा एसी, बाळाचा वॉर्मर, लसींचा फ्रीज सगळं एकदमच उठलं. थोड्या वेळानं आर फेजची एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडली. मीटरनं मेसेज त्याआधीच पाठवला होता. राउटर इन्व्हर्टरवर होता. पण आमच्या गावचा टॉवर लाईनीसोबतच झोपलेला. मेसेज मला मिळाला सकाळी सव्वासहाला, वावरात. आणि वेळेत मिळाला असता तरी काय? मी अकरा किलोमीटरवर, अन् कूलर बंद करू शकणारी सिस्टर पॅनेलपासून वीस पावलांवर.

‘एमसीबी आहे ना, हूटर कशाला?’ असं विचारतात. ३२ अँपिअरची एमसीबी ४० वर किती वेळ तग धरेल याचा भरवसा नाही; मानकाप्रमाणं तासाभरात पडायची हमी १.४५ पटीला, म्हणजे ४६ अँपिअरच्या वर. तेही ३० अंशांच्या हवेत. आपल्याकडं बाहेर ४५ अंश अन् पॅनेल पत्र्याच्या डब्यात, तिथं ती त्याआधीच पडू शकते. म्हणून मी २६ अँपिअरला हूटर लावलाय, तीस सेकंदांच्या डिलेनं. नाहीतर एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी कोकलतो.

त्याचाही त्रास आहेच. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यात कापूस कोंबला होता.

‘‘भाऊ, हे काहून वाजून राहिलं रातभर?’’ सिस्टरनं विचारलं.

‘‘ताई, एक कूलर बंद करा, गप होईल.’’

ग्राफची हौस असेल, माणूस चोवीस तास नेटवर असेल, तर वायफायवालंही वाईट नाही. मी मात्र ते आता महिन्यातून एकदा फेज बघायलाच उघडतो. हूटरखाली यादी चिकटवली आहे, कोणता कूलर आधी बंद करायचा त्याची. पहिलं नाव ऑफिसच्या कूलरचं आहे, त्यावरून साहेब जरा नाराज आहेत.