कंबरदुखीवर पाय तपासून विकलेली ९,९५० रुपयांची पायताणं

साड्यांच्या दुकानात काउंटरला उभ्या राहणाऱ्या बाईची कंबर संध्याकाळी काय म्हणते ते तिलाच ठाऊक. दिवसभर फरशीवर उभं राहायचं, वरच्या कप्प्यातनं गठ्ठे काढायचे, गिऱ्हाईक उठून गेलं की परत घड्या घालायच्या. त्यामुळं आमच्या कोल्हापुरात राजारामपुरी भागातल्या एका मंगल कार्यालयावर 'कंबरदुखी, गुडघेदुखी, टाचदुखी : मोफत कॉम्प्युटर पाय तपासणी' असा बोर्ड लागला तेव्हा मी गेले. मोफत तपासणीला जाणारा माणूस काही बिनडोक नसतो. हे आधीच सांगते, कारण घरी आणि दुकानात मला तेवढंच ऐकवलं जातंय.

असल्या शिबिरात पुढं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. चहा, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला पोरगा, 'आज शेवटचा दिवस'. आकडे तेवढे सांगते. चपलेचा जोड ६,९५० रुपये. आत घालायचं 'तुमच्याच पायाच्या मापाचं' इनसोल ३,००० रुपये. एकूण ९,९५०, आणि वर 'मूळ किंमत १४,५००' अशी सूट. ४,००० रोख दिले, भिशीचे होते. ५,९५० फोनवरनं. कोड स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा एका माणसाचं आलं. असं आलं तर तिथंच फोन खिशात ठेवा.

आता त्या मशीनचं ऐका. जमिनीवर काळी पट्टी, तिची वायर लॅपटॉपला. मी उजवा पाय ठेवला, साडीचा काठ उचलायला वाकले, डावा पाय अजून फरशीवरच होता. आणि स्क्रीनवर दोन्ही पावलांचं चित्र उमटलं. टाचेला लाल, चवड्याला पिवळं, मधे निळं. दोन्ही पावलांचं! मी डोळ्यांनी बघितलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "सेन्सर फास्ट आहे काकी, पाय जवळ आला की पकडतो." तिथनं परत फिरायला पाहिजे होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा ती स्क्रीनच डोळ्यांपुढं येते. पण मागं रांग उभी, त्यानं पुढचं बोलायला सुरुवात केलेली, आणि आपलं दुखणं कशामुळं आहे हे कुणीतरी पहिल्यांदा सांगतंय म्हटल्यावर जीव तिकडंच ओढ घेतो. ज्याची कंबर कधी धरली नाही त्यानं यावर बोलू नये.

नंतर दुकानातलीच एक जण तिथं जाऊन आल्याचं कळलं. आम्ही दोघींचे रिपोर्ट शेजारी ठेवले. माझं पाऊल आठ नंबरचं, तिचं पाच नंबरचं. चित्र एकच. लाल डागसुद्धा त्याच जागी, फक्त वरचं नाव बदललेलं.

मशीननंतर त्या पोरानं मला टेबलावर आडवं करून टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "डावा पाय अर्धा इंच आखूड आहे, म्हणून कंबर दुखते." शेवटी हात दाबायचा प्रयोग. हात आडवा धरायला लावला, दाबला, मी कलले. चप्पल घालून परत दाबला, कलले नाही. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी मुलीला अनवाणी उभी करून मी हेच केलं. मनगटाशी धरून बाहेरच्या अंगाला दाबलं की ती कलते, कोपराजवळ धरून तिच्या अंगाकडं दाबलं की ताठ उभी राहते. चपलेचा काही संबंध नाही! याच हातचलाखीवर रबरी ब्रेसलेटं जगभर विकली गेली होती. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये ती विकणाऱ्या कंपनीला आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नसल्याचं कबूल करावं लागलं.

चप्पल घातली आणि टाच ठणकायला लागली, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. फोन केला तर "शरीर ॲडजस्ट होतंय काकी". नंतर तो नंबरच बंद. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप लावली. दोन्ही पाय सारखे. माणूस जरा तिरका झोपवला आणि टाच ओढली की कुणाचाही पाय आखूड दिसतो, म्हणाले. थोडाफार फरक तर कितीतरी जणांच्या पायांत असतो, त्यानं कंबर दुखतेच असं नाही. इनसोलवरचे अभ्यास एकत्र करून २००७ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला, त्यातही इनसोलनं कंबरदुखी टळत नाही असंच दिसलं. मला त्यांनी व्यायाम दिले, आणि काउंटरमागं छोटा पाट ठेवून एकेक पाय आलटून पालटून त्यावर टेकवायला सांगितला. त्याचे पैसे शून्य.

चप्पल लाईनमधल्या एका जुन्या कारागिराला तो जोड दाखवला. त्यानं ओल्या फडक्यासारखा तो पिळून दाखवला. "वहिनी, हे चारशेच्या वरचं नाही. पायताण चवड्याशी वाकावं, मधे नाही. टाच आत हलायला नको. पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे. आणि संध्याकाळी घ्यावं, पाय फुगलेला असतो तेव्हा." दिवसभर फरशीवर उभं राहायचं असेल तर तळाला जरा मऊपणा बघा, असंही म्हणाला, म्हणजे स्वतःच्या कोल्हापुरी चपलेचीसुद्धा त्यानं खोटी जाहिरात केली नाही. २०१९ साली ज्याच्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्या कोल्हापुरात येऊन हे लोक पायताण विकून गंडवतात!

आणि दाद कुठं मागायची? पोलीस ठाण्यात म्हणाले, "मावशी, वस्तू हातात मिळाली ना? मग फसवणूक कुठली? दिवाणी मॅटर आहे." खोटा रिपोर्ट दाखवून पैसे काढून घेणं फसवणूक नाही, तर न्याय संहितेतलं ३१८ कलम कशासाठी आहे? तक्रार अर्जावर शिक्का मारून द्या म्हटलं, तर साहेब नाहीत. परत गेले, तर कार्यालय दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत येतं म्हणाले. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पक्कं बिल आणा. औषधांचं बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात गेले, तर चप्पल आमच्याकडं येत नाही. वजनमापवाल्यांकडं गेले, तर खोका आणा, त्यावर छापील किंमत आणि पत्ता बघू. खोका त्या पोरानं तिथंच काढून घेतला होता, 'न्यायला सोपं पडेल' म्हणून! खोका सोडू नका. ज्या कार्यालयात शिबिर झालं तिथला मॅनेजर म्हणतो, बुकिंग कुणाच्या नावावर होतं ते आम्ही सांगत नाही. ठाण्यातनं एक फोन गेला असता तर त्यानं दोन मिनिटांत नाव दिलं असतं. तो एक फोन कुणी केला नाही. माझ्या अर्ध्या दिवसाचा पगार प्रत्येक वेळी कापला जातो, तो कुणाच्या खिशातनं जातो?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे सगळं खरं, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या पावतीवर बंद पडलेला मोबाइल नंबर आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' एवढंच आहे. पैसे देण्याआधी पत्ता आणि जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. टाळाटाळ केली की उठा.

परवा गडहिंग्लजहून नणंदेनं तीच जाहिरात पाठवली. तेच लाल पिवळं पाऊल, फक्त शिबिराचं नाव नवीन. तिकडं कुणी गेलं असेल आणि पावतीवर, पिशवीवर, खोक्यावर कुठंही पत्ता छापलेला असेल, तर तो कागद फेकू नका. मी आयोगात एकटी जायलाही तयार आहे, पण पत्ता पाहिजे.