देवगडच्या खाडीकाठी जुन्या फायबर बोटीला तीन फुटांची जोड

देवगड परिसरातील खाडीकाठच्या या कारखान्यावर पाटी नाही. काम मिस्त्रींच्या लौकिकावर चालते. मासेमारीच्या फायबर होड्यांची डागडुजी हा त्यांचा नेहमीचा व्यवसाय असल्याने, माझ्या बावीस फुटी जुन्या स्पीडबोटीची लांबी वाढवण्याचे काम ते कितपत निगुतीने करतील, याबद्दल मला शंका होती. सांगाड्यापुरती ती फिटली. रंगकाम आणि हिशेब यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

पहिल्याच भेटीत मिस्त्रींनी ट्रान्सम, म्हणजे इंजिन अडकवतात ती मागची फळी, हातोडीने ठोकून पाहिली. कडेला खणखणीत येणारा आवाज मधोमध बद्द झाला आणि तिथे भोक पाडताच ड्रिलच्या टोकाला भुशाऐवजी काळपट, ओला लगदा आला. आतले प्लायवूड कुजले होते. लांबी वाढवण्यासाठी अशा फळीला बाहेरून बोल्टने पोकळ पेटी जोडणे त्यांनी साफ नाकारले व फळीच काढून तळ मागे वाढवण्याचा आग्रह धरला. खर्च वाढला, पण सल्ला योग्य होता.

या कामाचे सारे बळ जोडात असते. जुने फायबर पूर्ण कडक झालेले असल्याने नवा थर त्याच्याशी एकजीव होत नाही, केवळ चिकटून राहतो. म्हणून चिकटायला जागा भरपूर लागते आणि जाडीच्या बारापट लांब उतार घासावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमचा तळ आठ मिलिमीटर जाड असल्याने आतून सुमारे दहा सेंटीमीटरचा उतार काढला गेला, तेव्हा जुन्या कापडाचे एकेक थर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे उघडे पडले. जोडासाठी मी नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनऐवजी (रेझिन म्हणजे काचतंतूंचे कापड भिजवून कडक करणारा चिकट द्रव) जास्त घट्ट धरणारे इपॉक्सी मागितले. मिस्त्री त्यासोबत साधी मॅट, म्हणजे विस्कटलेल्या काचतंतूंची चटई, वापरायला निघाले होते. तिचे तंतू बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो, इपॉक्सीत नाही. हे सांगितल्यावर त्यांनी कुरकुर न करता शिवलेले बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांनी तंतू असलेले, कापड मागवले.

सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या पाट्यांना मेण चोळून त्या जुन्या तळाला खालून आवळल्या आणि त्यांचाच नव्या भागाला साचा केला. थर चढवण्यापूर्वी अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी लावून, पलीकडे विजेरी धरून, कुठे फट दिसते का हे मिस्त्री पुन्हा पुन्हा पाहत होते. ही चिकाटी अनाठायी नव्हती, कारण तळाचे मागचे टोक किंचित खाली वळले तर वेगात नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यात दाबली जाते आणि वर वळले तर बोट उड्या मारू लागते. आतले स्ट्रिंगरही, म्हणजे तळाला बळ देणाऱ्या लांब पट्ट्या, जोडावर न संपवता जुन्या भागात बरेच पुढपर्यंत नेले.

आता बोट पूर्वीपेक्षा कमी वेगातच पाण्यावर उचलली जाते आणि वेग घेताना मागून बसत नाही. इंजिन मागे गेल्याने पेट्रोलची टाकी मात्र पुढे सरकवावी लागली, आणि वळणही थोडे मोठे घ्यावे लागते.

बाहेरची सफाई सुमार आहे. तिरप्या उन्हात नव्या भागावर पुट्टीच्या लाटा दिसतात आणि दोन्हीकडचा पांढरा रंग जुळत नाही. जुनी फळी काढण्याची व घासकामाची मजुरी अंदाजपत्रकात नव्हतीच, त्यामुळे बिल सुमारे पाव पटीने वाढले. फायबरची धूळ उडत असताना कामगारांच्या तोंडावर नुसते रुमाल होते, हे तर मला मुळीच पटले नाही. शिवाय जूनपासूनच्या मासेमारी बंदीसाठी होड्या किनाऱ्यावर येऊ लागल्या की तुमची बोट बाजूला पडते आणि पावसाळी दमट हवेत रेझिनचे काम करणे शहाणपणाचे नाही, म्हणून दिवाळीनंतर लगेच बोट द्यावी.

कारखाना आराखडा किंवा मापांचा कागद देत नाही. लांबी बदलल्यावर नोंदणीतील मापेही दुरुस्त करून घ्यावी लागतात, त्यासाठी सर्व्हेअर स्वतंत्रपणे गाठावा लागतो; जोड झाकला जाण्यापूर्वी प्रत्येक थराचे फोटो काढून ठेवण्याची अट कामाआधीच घालावी, मिस्त्री त्याला नाही म्हणत नाहीत.