हेलिकॉइल की बुश?

आमच्या सीएनजी ट्रकचा स्पार्क प्लग इंजिन गरम असतानाच ओढला आणि ॲल्युमिनियम हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) आटे त्याच्याबरोबर बाहेर आले. प्लगला चिकटलेला तो चकचकीत वेटोळा बघून पोटात गोळाच आला! कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत हाकेवर आहे, म्हणून निभावलं. तिथे दुरुस्तीच्या दोन वाटा होत्या.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. भोक जरा मोठं करून नवे आटे पाडायचे, त्यात ती फिरवून बसवायची. आत पुन्हा १४ मिमी, १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) प्लग जातो. स्वस्त आणि झटपट. पण प्लग काढताना कधी कधी तारच त्याच्यासोबत उलगडत येते, आणि सीएनजीवर प्लग वरचेवर बदलावे लागतात.

बुश भरीव असते, आतून-बाहेरून आटे. वरची कॉलर हेडमधल्या खाचेत टेकते, त्यामुळे ती खाली सरकत नाही आणि प्लगला पक्की बैठक मिळते. खर्च जास्त, आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) सरळच उतरायला हवा. तिरका गेला तर कॉम्प्रेशन गळणार. लांबीही नेमकी हवी. आत डोकावणारं टोक लाल होतं आणि ठिणगीआधीच गॅस पेटतो.

मी बुशच बसवून घेतली. रोज माल ओढणाऱ्या गाडीला तीच बरी.

हेड न उतरवता काम करणार असाल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा. चुरा सिलिंडरमध्ये पडला तर लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे ठरलेलेच.